रिंगणी कोणती, डोरली कोणती?

प्रश्न : आमच्या बांधावर दोन काटेरी झुडपं आहेत. एक जमिनीला चिकटून पसरलेलं, दुसरं कमरेएवढं उभं. दोन्हींना वांग्यासारखी जांभळी फुलं येतात. आजी एकीला रिंगणी म्हणायची आणि दुसरीला डोरली. गावातले एक जाणते गृहस्थ मात्र म्हणतात की झाड एकच, पाणी मिळालं की रिंगणीच उंच होऊन डोरली होते. मागच्या महिन्यात काढ्यासाठी मुळं गोळा करणारा एक माणूस आला आणि दोन्ही उपटून एकाच गोणीत भरून घेऊन गेला. तेव्हापासून मनात आहे. खरं काय ते सांगाल? (एक वाचक, बार्शी तालुका)

उत्तर : तुमच्या आजींचं बरोबर आहे. रिंगणी वेगळी आणि डोरली वेगळी. पाणी मिळालं म्हणून रिंगणीची डोरली होत नाही, आणि पाणी तुटलं म्हणून डोरली भुईला टेकत नाही.

हा समज मी पुरंदर, नगर, सोलापूर अशा कोरडवाहू भागांत इतक्यांदा ऐकला, की शेवटी करूनच पाहिलं. अंगणात दोन मोठ्या कुंड्या ठेवल्या. एकीत रिंगणीचं बी, दुसरीत डोरलीचं, दोन्ही एकाच दिवशी पेरलेलं. माती तीच, खत तेच, पाणी रोज. रिंगणीची पानं माळावरच्यापेक्षा दुप्पट मोठी झाली, फांद्या हातभर लांबल्या. पण त्या कुंडीच्या काठावरून खाली उतरल्या आणि फरशीवर चारी बाजूंनी पसरल्या. दोन वर्षांत एकही फांदी वर उठली नाही. डोरली पहिल्याच पावसाळ्यात गुडघ्याच्या वर गेली आणि दुसऱ्या वर्षी माझ्या खांद्याला लागली. खाऊनपिऊन झाड लहानमोठं होतं, पण त्याची उभं राहण्याची रीत बदलत नाही.

म्हणून पहिली खूण हीच. रिंगणी, म्हणजे भुईरिंगणी, मुळापाशी लाकडासारखी टणक होते आणि तिथून नागमोडी फांद्या जमिनीसरशी पसरतात. वरून पाहिलं तर काटेरी चटई अंथरल्यासारखी दिसते, कधी मीटरभर रुंद. डोरली हे झुडूप आहे. तिच्या खोडाला फांद्या फुटतात आणि त्या वरच जातात. जागा चांगली असेल तर उंची दीड मीटरपर्यंत सहज.

दुसरी खूण काट्याची. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपण काटा म्हटलं की सगळे काटे एकच समजतो. लिंबाचा काटा ही मुळात बदललेली फांदी असते. बोराचा आणि बाभळीचा काटा पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून झालेला असतो. रिंगणी आणि डोरलीचे काटे गुलाबासारखे, नुसत्या सालीवर उगवलेले. म्हणून ते ठरावीक जागी नसतात. खोडावर, देठावर, पानाच्या शिरेवर, फुलामागच्या हिरव्या टोपीवर, जिथे साल तिथे काटा. एवढं दोघींचं सारखं. पुढे फरक सुरू होतो. रिंगणीचा काटा सरळ, पिवळा, चकचकीत, सुईसारखा आणि लांब, दीड सेंटिमीटरपर्यंत. तो पानाच्या मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी उभा असतो. त्यामुळे पान वरून धरा की खालून, बोटाला लागतोच. संस्कृतात तिला दुःस्पर्शा म्हणतात ते यासाठी. डोरलीचा काटा आखूड, बुडाशी रुंद आणि टोकाला मागे वळलेला. रिंगणी टोचते आणि सोडते. डोरली पदर धरून ठेवते, आणि ओढलात तर फाडते. डोळे मिटूनही दोघी ओळखता येतील, फक्त हाताला हळद लावायची तयारी हवी!

तिसरी खूण पाहायला दहापट मोठं दिसणारं भिंग लागतं. डोरलीच्या पानाची खालची बाजू पांढुरकी आणि मऊ लागते. भिंगातून पाहिलं तर ती लव साध्या केसांची नसते. एका बिंदूतून पाच-सात टोकं फुटलेल्या चांदण्या पानभर पसरलेल्या दिसतात. रिंगणीवरही अशा चांदण्या असतात, पण विरळ, आणि पान जून झालं की बऱ्याचशा झडतात. त्यामुळे रिंगणीचं जून पान हिरवंगार, जवळजवळ उघडं दिसतं, तर डोरलीचं पान खालून बनातीसारखं राहतं. पानाचा कापही पाहा. रिंगणीचं पान खोल कापलेलं आणि त्या कापांनाही पुन्हा लहान काप, तर डोरलीचं कडेने उथळ लाटांसारखं.

फुलावरून मात्र निर्णय करू नका. गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोघींना पाच पाकळ्यांचं जांभळं चाक आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा शंकू. रिंगणीचं फूल थोडं मोठं आणि गडद, डोरलीचं थोडं लहान आणि फिकं, पण घोसात जास्त. हा फरक दोन्ही फुलं शेजारी धरली तरच जाणवतो.

फुलाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. या फुलांत मध नसतो. पुंकेसराची पिशवी इतर फुलांसारखी उभी फाटत नाही, तिच्या टोकाला फक्त दोन बारीक भोकं असतात. परागकण आतच बंद. पोळ्यातल्या मधमाशीला ते काढता येत नाहीत. काळा मोठा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी येते, शंकूला मिठी मारते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते. त्या थरथरीने पराग भोकातून उडून तिच्या पोटावर पडतात. बांधावर सकाळी उभ्या राहिलात तर भुंगा उडताना एक आवाज आणि फुलावर बसल्यावर त्याहून वरच्या पट्टीतला, तुटक आवाज ऐकू येईल. विद्यार्थ्यांना पटावं म्हणून मी भौतिकशास्त्र विभागातून नादकाटा मागून आणला होता. आपटून शंकूला टेकवला की पिवळी धूळ भुरभुर बाहेर पडते. रिंगणीच्या फुलावर केलं, डोरलीच्या फुलावर केलं, वांग्याच्या फुलावरही केलं. तिघींनी सारखंच उत्तर दिलं. कुळ एक असल्याचा याहून सुंदर पुरावा मला वर्गात कधी देता आला नाही.

आता फळ. रिंगणीचं फळ दीड-दोन सेंटिमीटरचं गोल, एकेकटं किंवा दोन-तीन मिळून, बहुधा जमिनीलाच टेकलेलं. कच्चं असताना हिरव्यावर पांढरे पट्टे, इवल्याशा कलिंगडासारखं. पिकलं की पिवळंधमक. डोरलीचं फळ त्याच्या निम्मं, साधारण आठ ते दहा मिलिमीटर, वाटाण्याहून थोडं मोठं. ते घोसाने लागतं आणि पिकल्यावर नारिंगी होतं. रिंगणीची पिवळी फळं उन्हाळ्याच्या तोंडाला, सगळा माळ वाळलेला असताना, दुरूनही दिसतात.

पण फळ ही खूण एकटी वापरू नका, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कोकणात सहल नेली होती. रस्त्याच्या कडेला डोक्याएवढ्या उंचीचं एक काटेरी झुडूप दिसलं, त्यावर गोल लहान फळांचे घोस. फुलं गळून गेली होती. घोस पाहिला आणि मी डोरली म्हणून नमुना दाबला, कागदावर चिकटवला, नाव लिहिलं. तो कागद आमच्या कपाटात अकरा वर्षं त्याच नावाने राहिला आणि त्यावरून मुलं डोरली शिकली. एका पावसाळ्यात मी त्याच जागी फुलांच्या दिवसांत गेले, तर फुलं पांढरीशुभ्र. ते सोलॅनम टॉर्व्हम निघालं, मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं झाड, जे आता आपल्याकडे ओलसर भागांत रान माजवून उभं आहे. दोन-तीन मीटर उंच, मोठं पान, काटे अगदी थोडे. फळं पिकूनही हिरवट पिवळी राहतात, नारिंगी होत नाहीत. एवढ्या खुणा समोर असताना मी एका घोसावर भिस्त ठेवली. त्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं. शक्य होते त्यांना मी पत्रं लिहिली.

रिंगणीच्या बाजूलाही असाच एक तोतया आहे, रानवांगं. सोलॅनम इन्सानम. आपलं घरचं वांगं ज्या रानटी झाडापासून आलं ते हे. त्याचं फळही पट्टेरी, तेही पिकून पिवळं. पण झाड उभं वाढतं आणि पान सरळ वांग्याचं. गोंधळ इतका आहे की काही गावांत डोरलीलाच रानवांगी म्हणतात. म्हणून मी नाव विचारत नाही, झाड दाखवा म्हणते.

आता त्या गोणीबद्दल. तुमच्या मनाला लागलं ते योग्यच होतं. दशमुळांतली पाच मोठ्या झाडांची आणि पाच लहान झुडपांची. लहान पाचांना लघुपंचमूळ म्हणतात: सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू. म्हणजे बृहती (डोरली) आणि कंटकारी (रिंगणी) या दोघी त्यात स्वतंत्र मोजलेल्या आहेत. दोघींचा एकत्र उल्लेख करायचा तेव्हा बृहतीद्वय म्हणतात, आणि दोन आहेत म्हणूनच द्वय म्हणतात. चरकसंहितेत घशाला हितकर द्रव्यांचा जो गण आहे त्यात दोघीही येतात, पण खोकल्यावरच्या दहा द्रव्यांत कंटकारीच आहे. ज्यांनी ही यादी केली त्यांना दोघींतला फरक ठाऊक होता आणि महत्त्वाचा वाटत होता. एका गोणीत भरल्यावर तो फरक संपतो, कारण सुकलेली, तुकडे केलेली मुळं नुसत्या डोळ्यांनी वेगळी करणं फार कठीण. पुढच्या वेळी कोणी आलं तर एवढंच म्हणा, दोन्हींच्या जुड्या वेगळ्या बांध आणि प्रत्येक जुडीत एक पानाफळाची फांदी ठेव. आणि सगळी झाडं उपटू देऊ नका. मूळ नेलं की झाड जातं, पुढचं बी धरायला बांधावर कोणीतरी राहिलं पाहिजे.

प्रश्न : बाई, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. आता शाळेत शिकवते. रिंगणीची तीन पुस्तकांत तीन शास्त्रीय नावं सापडली: सोलॅनम झँथोकार्पम, सोलॅनम सुरातेन्से, सोलॅनम व्हर्जिनियानम. डोरलीचंही तसंच. शास्त्रीय नाव एकच असतं असं तुम्हीच शिकवलंत ना? (नाशिक)

उत्तर : शिकवलं, आणि त्यावर ठाम आहे. एका झाडाचं योग्य नाव एकच. पण ते ठरायला कधी कधी दोनशे वर्षं लागतात.

तुला सापडलेली तिन्ही नावं एकाच झाडाची आहेत. नियम असा की सर्वांत आधी रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव धरायचं. लिनिअसने 1753 साली व्हर्जिनियानम हे नाव दिलं, म्हणून ते जिंकतं. झाड व्हर्जिनियातलं नाही, आपल्याकडचं आहे. मूळ ठिकाणाची माहिती चुकीची मिळाली आणि ती नावात कायमची बसली. नाव चुकीच्या गावाचं असलं म्हणून बदलता येत नाही, हाही नियमच. सुरातेन्से म्हणजे सुरतेचं, हे नाव धाकट्या बर्मनचं, 1768 सालचं. ते झाडाच्या मुलखाच्या जास्त जवळचं, पण पंधरा वर्षं उशिराचं. झँथोकार्पम म्हणजे पिवळ्या फळाची. खरं सांगायचं तर मला तेच नाव सर्वांत आवडतं, कारण त्यात झाड दिसतं. पण आवडीला इथे मत नाही.

डोरलीचं प्रकरण अधिक अवघड. जुन्या पुस्तकांत आणि औषधांच्या ग्रंथांत सोलॅनम इंडिकम लिहिलेलं असतं. ते नाव इतक्या वेगवेगळ्या झाडांना लागलं की शेवटी ते वापरातून काढून टाकण्यात आलं. आता आशियातल्या झाडाला सोलॅनम व्हायोलेसियम म्हणण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे आणि सोलॅनम अँग्विव्ही हे मुख्यतः आफ्रिकेतल्या जवळच्या झाडाचं नाव. आपल्याकडच्या पुष्कळ पुस्तकांत दोन्ही एकच धरलेली दिसतील. मुलांना शिकवताना फळ्यावर व्हायोलेसियम लिही आणि कंसात जुनी दोन, म्हणजे त्यांना पुढे कोणतंही पुस्तक उघडता येईल.

आणि संस्कृत नावं निर्मळ आहेत असं समजू नकोस. रिंगणीला व्याघ्री म्हणतात आणि डोरलीला सिंही, वाघीण आणि सिंहीण. मला ही जोडी फार आवडते. पण भावप्रकाशातल्या कंटकारीच्या पर्यायनावांत बृहती हेही एक नाव आहे! म्हणजे बार्शीच्या ताईंच्या गावातल्या गृहस्थांचा गोंधळ आजचा नाही.

प्रश्न : पांढऱ्या फुलांची रिंगणी ही वेगळी जात आहे का? ती फार दुर्मिळ आणि गुणकारी असते असं सांगून एकाने आमच्याकडून बरेच पैसे घेतले. (लातूर)

उत्तर : जात वेगळी नाही. फुलातला जांभळा रंग ज्या द्रव्याने येतो ते तयार झालं नाही, एवढंच. काटे, पान, फळ सगळं रिंगणीचंच. तिला श्वेत कंटकारी किंवा लक्ष्मणा म्हणतात, पण लक्ष्मणा म्हणून आणखीही झाडं दाखवली जातात आणि ती नक्की कोणती यावर वैद्यांत जुना वाद आहे. अशा वादातल्या नावाने कोणी काही विकत असेल तर घेऊ नका. माळावर पांढरी रिंगणी कधी दिसली तर तिथेच राहू द्या. ती दुर्मिळ आहे, आणि विकण्यासाठी खणली जात राहिली तर आणखी दुर्मिळ होईल.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या वेळी दाढ दुखली की रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायचे. खाली पाण्याची वाटी ठेवायचे आणि त्यात दातातले किडे पडलेले आजोबांनी स्वतः पाहिले होते. ते खोटं बोलणारे नव्हते. मग हे काय होतं? (कराड)

उत्तर : आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी पांढरे, वाकडे, बारीक काहीतरी पाहिलं असणारच. ते किडे मात्र नव्हते.

तुम्ही घरी करून पाहू शकाल असं सांगते. रिंगणीचं पिकलेलं फळ फोडा. बी चपटं, दोन-अडीच मिलिमीटरचं. रात्रभर भिजवा आणि सकाळी सुईने वरचं साल अलगद काढा. आत पांढरा गर्भ दिसेल, आणि तो सरळ नसून अळीसारखा वेटोळा घातलेला असतो. या कुळातल्या बहुतेक बियांत तो असाच वाकडा. निखाऱ्यावर बी टाकलं की ते फुटतं आणि आतला गर्भ उडतो. पाण्यात पडला की फुगून तरंगतो, आणि दाढदुखीने बेजार झालेल्या माणसाला तो किडा वाटला तर नवल नाही. युरोपात हाच उपचार याच कुळातल्या खुरासानी ओव्याच्या बियांनी करत आणि तिथेही लोकांना वाटीत किडे दिसत. मी विद्यार्थ्यांना हे बी सोलायला लावत असे. गर्भ बाहेर आल्यावर वर्ग एकदम शांत व्हायचा, कारण प्रत्येकाच्या घरी कोणीतरी ही गोष्ट सांगितलेली असायची.

दात किडतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंमुळे. ते साखरेवर आम्ल तयार करतात आणि आम्लाने दात झिजतो. धुरीने दुखणं थोडा वेळ बधिर झाल्यासारखं वाटेलही, पण खड्डा भरत नाही. दाढ दुखत असेल तर दंतवैद्याकडे जा, उशीर करू नका.

प्रश्न : मी दरवर्षी वांगी लावतो. कृषी विषयाच्या एका व्याख्यानात ऐकलं की बांधावरची रिंगणी, डोरली, कामोणी काढून टाका, त्यावर किडी वाढतात. आता तुमचं सदर वाचून ती ठेवावीत असं वाटतं. काय करू? (सांगली)

उत्तर : व्याख्यात्यांचं म्हणणं निराधार नाही. वांग्याच्या पानाची जाळी करणारा, पाठीवर अठ्ठावीस ठिपके असलेला तांबूस भुंगेरा या रानटी बहिणींवरही जगतो. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्यावर सर्वांत जास्त, पण या कुळातल्या रानटी झाडांवरही सापडते. पानं बारीक होऊन झुपका धरणारा पर्णगुच्छ, ज्याला आपण बोकड्या म्हणतो, तो तुडतुड्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि वांग्याचं शेत मोकळं असताना रोगाला कुठेतरी थांबायला जागा लागते.

म्हणून वांग्याच्या वाफ्याला लागून असलेली झाडं काढा, आणि काढताना पानं नीट पाहा. जाळी झालेली, झुपका धरलेली सगळी जाऊ द्या. पण शेतापासून लांबच्या माळावर, ओढ्याच्या कडेला, मुरमाड पडीक जागेत जी निरोगी आहेत त्यांना हात लावू नका. त्यांचं वांग्याला देणंही आहे. वांग्याची कलमं आज टॉर्व्हमच्या खुंटावर बांधतात, कारण ते मूळ मर रोगाला आणि सूत्रकृमींना दाद देत नाही. वांग्याला जे सोसवत नाही ते त्याच्या रानटी नातेवाइकांना सोसतं, आणि उद्या नवं वाण तयार करणाऱ्याला हे गुण कुठून तरी आणावे लागणार आहेत. एक बांध तुम्ही मोकळा केलात तर मी काही म्हणणार नाही. गावातले सगळे बांध तणनाशकाने जाळले तर मला फार वाईट वाटेल.

प्रश्न : परसात कामोणीची दोन रोपं आपोआप आली. एकीची फळं काळी आणि चकचकीत, दुसरीची मळकट काळी. चकचकीत ती विषारी बेलाडोना, असं कोणीतरी मोबाइलवर पाठवलं आहे. घरात लहान मुलं आहेत. उपटून टाकू का? (पनवेल)

उत्तर : ती बेलाडोना नाही. बेलाडोना थंड डोंगराळ प्रदेशातलं झाड, आपल्याकडे त्याची जातभाई काश्मीर-हिमालयात आढळते. तिचं फूल घंटेसारखं, मळकट जांभळं आणि एकेकटं, फळ बोराएवढं आणि त्याखाली पाच पाळ्यांची हिरवी चांदणी पसरलेली. तुमच्याकडे पांढऱ्या इवल्या फुलांचे झुबके आहेत, असं तुम्हीच पत्रात पुढे लिहिलं आहे.

तुमची चकचकीत फळांची ती सोलॅनम अमेरिकॅनम आणि मळकट काळ्या फळांची सोलॅनम नायग्रम असण्याची शक्यता मोठी. दोघींना आपण कामोणीच म्हणतो. अमेरिकॅनमची फुलं देठाच्या एका टोकातून छत्रीच्या काड्यांसारखी निघतात आणि फळामागची टोपी मागे उलटलेली असते. नायग्रमची फुलं देठावर थोड्या थोड्या अंतराने येतात आणि टोपी फळाला धरून राहते. तिसरी एक नारिंगी फळांची असते, सोलॅनम व्हिलोसम. या तिघींची गुणसूत्रं मोजली तर अनुक्रमे 24, 72 आणि 48 भरतात. 24 आणि 48 मिळून 72, आणि नायग्रम या दोघींच्याच संकरातून झाली असावी असं मानलं जातं. रंगाच्या नुसत्या चकाकीमागे एवढा मोठा कुळाचार आहे.

मुलांसाठी मात्र सांगते. हिरवी, कच्ची फळं कोणत्याही कामोणीची असोत, तोंडात जाता कामा नयेत. त्यांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं असतात, उलट्या आणि पोटदुखी होते. मुलं पिकलेलं आणि कच्चं पारखण्याच्या वयाची नसतील तर रोपं सध्या काढा. थोडी मोठी झाली की परत येऊ द्या, कामोणी बोलावल्याशिवाय येतेच. आणि उपटण्याआधी दोन्हींचा एकेक फोटो मला पाठवा. फळाचा जवळून नको. घोस देठाला कसा जोडलेला आहे आणि फळामागची टोपी कशी आहे, ते दिसेल असा.